आधी नाव, मग काम : प्रार्थना, सेवा आणि सुवार्ता एकाच वहीत

रविवारची उपासना संपते, आशीर्वाद होतो, माणसं हस्तांदोलन करून बाहेर पडतात. पायऱ्या उतरताना हमखास कुणीतरी मला गाठून म्हणतं, "ताई, प्रभूसाठी काहीतरी करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्याच्या मनात तोवर बहुतेक एखादा मोठा बेत तयार असतो : वाटप, शिबिर, नवा गट, दूरच्या ठिकाणी जाणं. मी त्यांना एक वही घ्यायला सांगते. ऐकणारा थोडा हिरमुसतो, पण वीस वर्षं हे करून पाहिल्यावर मला यापेक्षा खात्रीचा मार्ग सापडलेला नाही.

कारण साधं आहे. आपण प्रार्थना, सेवा आणि सुवार्ता यांची तीन वेगळी खाती करून ठेवतो. प्रार्थना करणारे एका खोलीत, सेवा करणारे दुसऱ्या खोलीत आणि साक्ष देणारे रस्त्यावर. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी आणि वचनाच्या सेवेसाठी मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, दियाकोनिया. पंगतीची सेवा आणि वचनाची सेवा, दोन्हींना एकच नाव. या दोन्हींना प्रार्थनेशी बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे समोरचं माणूस, त्याच्या नावासकट. म्हणून पहिल्या पानावर नावं लिहायची. काम कोणतं, हे नंतर कळतं.

पहिली पायरी : पाच नावं

साधी वही चालेल. पहिल्या पानावर पाच जणांची नावं लिहा. घरातलं किंवा नात्यातलं एक, शेजारचं एक, कामाच्या ठिकाणचं एक. चौथं नाव अशा कुणाचं की ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलं आहे किंवा तुटायला आलं आहे. पाचवं नाव लगेच लिहू नका. दोन दिवस थांबा, प्रार्थना करा. मग जो चेहरा पुन्हा पुन्हा समोर येतो, त्याचं नाव लिहा. माझ्या वहीत एकदा हे पाचवं नाव इमारतीची झाडलोट करणाऱ्या बाईंचं आलं, आणि तेव्हा लक्षात आलं की रोज भेटूनही मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. आधी ते विचारावं लागलं. खरं काम तिथूनच सुरू झालं.

पाचच का? सोमवार ते शुक्रवार दर दिवशी एक माणूस पुरतं. शनिवार उपकारस्तुतीसाठी, रविवार मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी. वीस नावं लिहिलीत तर यादी वाचून होईल, माणसांकडे लक्ष जाणार नाही.

प्रत्येक नावाला दोन पानं द्या. डाव्या पानावर त्या माणसाबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते, उजव्या पानावर जे माहीत नाही ते. उजवं पान जवळजवळ नेहमीच लांबतं. एक सावधगिरी : कुणी विश्वासाने सांगितलेलं गुपित वहीत उतरवू नका. आजार, कर्ज, घरातली भांडणं यांच्यासाठी एखादी खूण पुरे. वही कुणाच्याही हाती पडू शकते.

दुसरी पायरी : पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची संध्याकाळ आजाऱ्यांनी भरून गेली आहे, सगळं नगर दाराशी जमलं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, "सगळे तुला शोधताहेत" म्हणाले, आणि येशू त्या गर्दीकडे परतला नाही; दुसऱ्या गावांकडे निघाला. कुठे जायचं हे गर्दीवरून ठरलं नाही. ज्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, त्यांनी हा उतारा पुन्हा पुन्हा वाचावा.

पंधरा मिनिटं अशी वापरा. आधी एक स्तोत्र, शक्यतो मोठ्याने. मग त्या दिवसाचं नाव घेऊन दोन-तीन मिनिटं नुसती शांतता. त्यानंतर त्या माणसासाठी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी अशी सूचना दिदाखे या मंडळीच्या अगदी प्रारंभीच्या काळातल्या मार्गदर्शक पुस्तकात आहे. कामाच्या मधल्या सुट्टीत आणि झोपण्यापूर्वी ती म्हटली की सकाळचं नाव पुन्हा आठवतं.

शांततेचा भाग गाळू नका. सुरुवातीला आपण देवाला सूचना देत असतो : याला असं कर, तिला तसं बदल. महिनाभर गप्प बसायची सवय झाली की वाक्य वळतं, "प्रभू, याच्या बाबतीत मी काय करू?" माझ्या चौथ्या नावाबद्दल मी तीन आठवडे न्याय मागत होते. चौथ्या आठवड्यात माझीच एक चूक आठवली आणि फोन उचलावा लागला.

काही दिवस शब्दच फुटत नाहीत. तेव्हा उसने शब्द घ्या. १५० स्तोत्रांतली कितीतरी विलापाची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ते शास्त्रात आहे याचा अर्थ तशी प्रार्थना देवाला चालते.

आणि घाई करू नका. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्या या यहुद्याला किसलेव महिन्यात कळली. राजाशी तो बोलला नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने उपास, अश्रू आणि प्रार्थना. नंतर तट उभा राहिला ५२ दिवसांत. दुसरा आकडा आपल्याला आवडतो, पहिला आपण विसरतो.

तिसरी पायरी : बघा आणि विचारा

यरुशलेमेत पोचल्यावर नहेम्याने लगेच सभा घेतली नाही. तीन दिवस थांबला. मग रात्री थोडी माणसं घेऊन, कुणाला न सांगता, पडलेला तट स्वतः फिरून पाहिला. वहीतल्या नावांबाबत हेच करायचं : पंधरा दिवस फक्त लक्ष द्या. कुणाचा आवाज खाली गेलाय, कुणाकडे पाहुणे यायचे थांबलेत, कोण नेहमी एकटंच बसतं. जे दिसेल ते डाव्या पानावर.

मग विचारा. आंधळा बार्तीमय ओरडत आला तेव्हा त्याला काय हवंय ते कुणालाही दिसत होतं, तरी येशूने विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. गरजू माणसाला प्रथम त्याचा आवाज परत मिळतो, मदत नंतर.

माझी चूक सांगते. शेजारच्या एका बाईंचे पती वारले. आम्ही मंडळीतल्या पाच-सहा जणींनी त्यांना आळीपाळीने जेवण पोचवलं, दोन आठवडे. त्या नम्रपणे घेत राहिल्या. नंतर कळलं, स्वयंपाक हीच एक गोष्ट त्यांना सावरत होती आणि तीच आम्ही काढून घेतली होती. त्यांना हवं होतं ते बँकेचे आणि निवृत्तिवेतनाचे अर्ज भरायला कुणीतरी. ते कुणी विचारलंच नाही.

विचारायची रीत असते. "काही लागलं तर सांगा" या वाक्यावर कुणीही काही सांगत नाही. मागण्याचं ओझं आपण दुःखी माणसावरच टाकलेलं असतं. त्याऐवजी, "गुरुवारी दुपारी मी मोकळी आहे. डॉक्टरांकडे सोबत येऊ, की मुलांजवळ घरी थांबू?" दोन ठोस पर्याय द्या, आणि "काहीच नको" हेही उत्तर मान्य असल्याचं बोलण्यातून कळू द्या.

चौथी पायरी : छोटा शब्द द्या, तो पाळा

दयाळू शोमरोन्याची, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत अशांपैकी एकाची, गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की त्याने नेमकं काय केलं हे सुटून जातं. वाटेत लुटारूंनी मारून टाकून दिलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. मग तो आपल्या वाटेने गेला. जितकं शक्य होतं तितकं पुरेपूर केलं, पुढचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि हिशेब उघडा ठेवला. आपलं काम कुठे संपतं हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून शब्द देताना तीन गोष्टी स्पष्ट करा : काय करणार, कधी, आणि कुठवर. "महिनाभर दर मंगळवारी संध्याकाळी तासभर मुलीचा अभ्यास घेईन." महिन्यानंतर पुन्हा बोलू. "मी आहेच" असं म्हणून तिसऱ्या आठवड्यात नाहीसं होण्यापेक्षा हे कितीतरी प्रेमाचं आहे.

आजाऱ्याची भेट हे सगळ्यात सोपं वाटणारं आणि सगळ्यात चुकणारं काम, म्हणून त्यावर थोडं अधिक. जाण्याआधी विचारा. स्वतःला सर्दी-ताप असेल तर जाऊ नका. हात धुवा. उभं राहून बोलू नका, बसा. म्हणजे आजाऱ्याला मान वर करावी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. आपल्या ओळखीतल्या कुणाला हाच आजार होता ती कथा सांगू नका, औषधांवर मत देऊ नका. आणि हे ठासून सांगते : प्रार्थना केली म्हणून औषध थांबवा, असं कधीही, कुणालाही सांगू नका. लूक, ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आपण वाचतो, त्याला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो. प्रार्थना करण्याआधी "करू का?" असं विचारा. होकार आला तर चार वाक्यांची प्रार्थना करा, आजाऱ्याचं नाव घेऊन, हळू आवाजात. वॉर्डात दुसरेही झोपलेले असतात.

शोक असलेल्या घरी याहूनही कमी बोला. मुलं आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे मित्र पुढे बरंच काही चुकीचं बोलले, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढ्या दिवसांत त्यांच्या हातून चूक झाली नाही. "देवाची इच्छा होती" हे वाक्य त्या घरात तुमच्या तोंडून निघू नये. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जा. तोवर बाकी सगळ्यांचं येणं थांबलेलं असतं.

पाचवी पायरी : सुवार्ता, गळाशिवाय

इथे मला कडक बोलावं लागेल. मदतीला अट जोडली की ती सेवा राहत नाही, सौदा होतो. फीच्या बदल्यात सभेला या, धान्याच्या बदल्यात प्रार्थनेला बसा, हे येशूच्या रीतीत कुठेच बसत नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे, असं येशूने विचारलं. पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. तुम्ही मदत केलेल्या दहांपैकी नऊ जणांनी तुमच्या विश्वासात कधीच रस घेतला नाही, तरी त्यांची मदत पूर्ण आणि खरी असली पाहिजे.

रोमन सम्राट युलियन ख्रिस्ती विश्वासाचा विरोधक होता. इ. स. ३६२ च्या सुमारास त्याने एका मूर्तिपूजक पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष मला फार बोलकी वाटते. मदत घेणारे त्यांचे झाले नव्हते, तरी मदत चालूच होती.

मग बोलायचंच नाही का? बोलायचं. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. यात तयारीची गोष्ट आहे, म्हणून एका संध्याकाळी वहीच्या शेवटच्या पानांवर आपली साक्ष लिहून काढा. तीन मिनिटांत सांगता येईल इतकीच. मी कसा होतो, येशू मला कसा भेटला, आज काय बदललं आणि काय अजून बदलायचं आहे. 'तारण', 'अभिषेक', 'पवित्रीकरण' हे आपल्या घरचे शब्द काढून टाका आणि तीच गोष्ट साध्या बोलीत सांगून पाहा. स्वतःला वाईट आणि मग अचानक थोर ठरवू नका. शेवटचा भाग प्रामाणिक असेल तर ऐकणारा पुढे प्रश्न विचारतो.

विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीशी बोलायला सुरुवात केली ती पाणी मागून. दमलेला होता, तहान लागली होती, तिच्याकडे बादली होती. आपणही शेजाऱ्याकडून काही घ्यायला शिकलं पाहिजे : त्याची मदत, त्याचा सल्ला, त्याच्या सणाचं आमंत्रण. नेहमी देणाराच असलेल्या माणसाजवळ मोकळेपणाने कुणी बसत नाही.

जिथे समोरचा माणूस तुमच्यावर अवलंबून आहे, तिथे विषय तुम्ही काढू नका. हाताखालचा कर्मचारी, तुमच्याकडून पैसे घेतलेला माणूस, खाटेला खिळलेला रुग्ण : त्याने विचारलं तरच सांगा. मुलांशी विश्वासाबद्दल बोलण्याआधी आईवडिलांची स्पष्ट परवानगी हवी. कुणी "नको" म्हणालं तर ते एकदाच पुरे. त्याचं नाव वहीतून खोडू नका, प्रार्थना आणि सोबत दोन्ही पूर्वीसारखीच चालू राहू द्या.

सहावी पायरी : एकटं जाऊ नका

येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. तीन-चार महिने एकट्याने वही चालवलीत की एक जोडीदार शोधा, मग दोन. महिन्यातून दोनदा भेटा. त्याआधी पाळकांना किंवा फादरना कल्पना द्या. त्यांना अशा घरांची माहिती असते जिथे तुमची गरज आहे, आणि अशाही घरांची जिथे सध्या नवा माणूस नको.

गट झाला की तीन नियम पहिल्याच दिवशी ठरवा. प्रार्थनेचा विषय दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याच्या परवानगीशिवाय गटात किंवा फोनवरच्या संदेशांत सांगायचा नाही. "त्यांच्यासाठी प्रार्थना करा" म्हणत केलेली कुजबुजही कुजबुजच असते. दुसरा नियम मुलांबद्दल : मुलांबरोबर कोणतंही काम असेल तेव्हा किमान दोन प्रौढ हजर, दार उघडं, आणि काही खटकलं तर कुणाकडे जायचं हे सगळ्यांना माहीत. मंडळीची अब्रू वाचवण्यासाठी असली तक्रार दाबू नका. मूल आधी. तिसरा पैशांचा : दोघांनी मोजायचं, लिहायचं, महिन्याला वाचून दाखवायचं. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी पाठवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांच्या विश्वासातले आणखी दोन भाऊ दिले, कारण प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा. प्रेषिताला ही काळजी घ्यावी लागली, तर आपल्याला नक्कीच.

मदत घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलं आहे, आणि कुणालाही आपल्या अडचणीच्या दिवसाचं चित्र लोकांनी पाहावं असं वाटत नाही.

काम वाढलं की तक्रारी येणारच. पहिल्या मंडळीतही आल्या : ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटत होत्या. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावलं नाही, सात जण निवडायला सांगितलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला होता, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती बहुधा वाटप गेलं. तुमच्या गटात निर्णय कोण घेतंय ते तपासताना ही सात नावं आठवा.

दूर जाण्याची ओढ असणाऱ्यांसाठी हर्नहुट या जर्मन वसाहतीची हकीकत. १७२७ मध्ये तिथल्या मोरावियन बंधुमंडळीतल्या २४ पुरुषांनी आणि २४ स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभराहून अधिक वर्षं चालली. पाच वर्षांनी, १७३२ मध्ये, तिथून दोन जण गुलामांमध्ये सेवा करायला कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले : एक कुंभार आणि एक सुतार. हातात काम होतं, पाठीशी प्रार्थना करणारी माणसं होती. यांतलं एकही नसताना कुणी दूर निघाला तर मी त्याला अजून थोडं थांबायला सांगेन. नहेम्याच्या तटावरही कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला होता.

थकवा आला तर

येईलच. कर्मेल डोंगरावर मोठं काम झाल्यावर संदेष्टा एलीया रानात गेला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, बोलणं त्यानंतर. आठवड्यातला एक दिवस वही बंद ठेवा आणि झोप पुरी करा. चिडचिड वाढली, ज्यांची सेवा करतो त्यांचाच राग यायला लागला, प्रार्थनेत आपल्याच कष्टांची यादी वाचली जाऊ लागली, तर एक काम जोडीदाराकडे सोपवा. मोशेला हे सासऱ्याने सांगितलं होतं, आणि त्याने ऐकलं.

महिन्याचा शेवटचा शनिवार

अर्धा तास वही उघडून बसा. प्रत्येक नावाचं डावं पान किती वाढलं ते पाहा. दिलेला शब्द पाळला का? कुणाकडून काही घेतलं का? कुठल्या प्रार्थनेचं उत्तर आलं आणि तारीख लिहायची राहिली? तारीख आवर्जून लिहा, कोरड्या दिवसांत तीच पानं वाचायला लागतात. एखादं नाव बदलावंसं वाटलं तर त्या माणसाचं काम संपलं म्हणून बदला, आपल्याला कंटाळा आला म्हणून नको. आणि जे पान महिनाभर कोरं राहिलं असेल, सोमवारी पहाटे पहिलं नाव तेच घ्या.